पोचा पडलेला तांब्या

माझा एक पितळी तांब्या आहे. एका बाजूनं पोटाला पोचा पडलेला. त्याच्या जोरावर मी वीस वर्षं तेरा बायकांवर राज्य केलं, असं म्हटलं तरी चालेल. मधे काही महिने तो माझ्या ओट्याच्या कडेला पालथा पडून होता. घरात मी एकटीच, तेव्हा पाणी प्यायला पेला पुरायचा.

आमचा धंदा कडक भाकरीचा. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते: ज्वारीची भाकरी होईल तितकी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत तिच्यातला ओलावा पार काढून टाकायचा. अशी भाकरी महिना महिना टिकते. मोडली की शेजारच्या खोलीत ऐकू जाते. बंद पडलेल्या मागांची एक पत्र्याची शेड आम्ही मिळवली होती. तिथं पहाटे पाचला चुली पेटायच्या आणि उन्हानं पत्रा तापायच्या आत काम उरकायचं.

मला सगळ्या अक्का म्हणायच्या. पुढारीपण म्हणजे काय, तर सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या मागून जायचं आणि कुणी भांडायला आलं तर पदर खोचून दारात उभं राहायचं, अशी माझी समजूत होती. आणि तेवढं मी चोख केलं. एकीचा नवरा पिऊन शेडमध्ये तमाशा करायला आला, तेव्हा उलथनं घेऊन मीच पुढं झाले होते. तो परत फिरकला नाही. बायकांच्या घरची दुखणी, लग्नं, शाळेतले दाखले, सगळीकडे मी होते. वीस वर्षांत एक खाडा नाही, ही माझी फुशारकी. फक्त एक गोष्ट मी कुणाला करू दिली नाही. पिठात पाणी घालायचं ते मीच.

सगळी भाकरी त्या उकळत्या पाण्यावर असते. कमी पडलं तर थापताना कडा चिरतात. जास्त झालं तर भाकरी मधे चिवट राहते आणि कितीही शेकली तरी कडक होत नाही. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी गेलेली असते, म्हणजे ते एकमेकाला धरून राहत नाही, त्याला उकळतं पाणी जास्त लागतं. नव्याला कमी. दळण कधीचं, हवा कशी, त्यावरही फरक. मी पिठाची चिमूट जिभेवर टाकायचे, बोटांत चोळायचे आणि तांब्या कलता करायचे. तांब्या पोच्यापर्यंत भरते हे बायकांना दिसायचं. ओतताना डावा हात पिठात फिरत असतो आणि तो हात थांब म्हणाला की मी थांबते, उरलेलं पाणी गुपचूप बाजूला ठेवते, हे त्यांना दिसत नव्हतं. मीही कधी बोलले नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "सगळी अक्कल ह्या तांब्यात हाय. माझ्या तांब्याबिगर कुणी पाणी घालायचं न्हाय." बायका हसायच्या. मला वाटायचं, चेष्टा आहे हे त्यांना कळतं.

मला तरी कुणी शिकवलं होतं? मी माढ्याकडची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासूबाईंना मराठी जेमतेम आणि मला कन्नडचा गंध नाही. त्या परातीपुढं बसायच्या आणि मला एकच शब्द म्हणायच्या, "नोडु." म्हणजे बघ. मी बघितलं. वर्षभर नुसतं बघितलं आणि चोरून शिकले. ज्यांना हवं असेल त्यांनीही तसंच शिकावं, असा माझा हिशेब. शिवाय झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाकीच्या बाराजणींनी कधी हट्ट धरला नाही. त्यांच्या घरी रोज भाकरी होत होती, मऊ भाकरीपुरतं त्यांना येत होतं. पण शेवटच्या दोन वर्षांत एक नवी आली. तेलुगू घरातली, सासर-माहेर दोन्हीकडे विणकर, आणि जन्मापासून भातावर वाढलेली. तिला भाकरी मुळीच येत नव्हती. पहिल्या दिवशी तिची भाकरी बघून आम्ही पोट धरून हसलो. मी तिला भातवाली म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. ही भातवाली रोज विचारायची.

"अक्का, पाणी किती घालायचं हो?"

"लागंल तेवढं."

"किती लागतंय ते कसं कळतं?"

"बघ की."

"बघते की. दिसत न्हाय काय."

सगळ्या हसायच्या. तीही हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. तिच्या हाताला लहानपणापासूनची सवय नव्हती, म्हणून तिला सगळं शब्दांत लागायचं. मला ते तिचं मंदपण वाटलं.

महाशिवरात्र होऊन आठवडा झाला असेल, मी मोरीत घसरले. उजवं मनगट मोडलं. पुण्याहून मुलगा आला आणि प्लास्टरसकट मला घेऊन गेला. त्याचं घर अकराव्या मजल्यावर. दिवसभर मुलगा-सून दोघं कामावर, मी आणि खिडकी. तिसऱ्या दिवशी शेडवरून फोन आला.

"अक्का, पाण्याचं काय?"

"तांब्या हाय न्हवं तितं?"

"हाय की. घासून ठिवलाय."

"मग पोच्यापतुर भरायचा आन ओतायचा. हाय काय त्यात."

त्या दिवसांत बाजारात नवी ज्वारी येते. मला ते ठाऊक होतं. शिवरात्रीनंतर ती येतेच. फोनवर एकजण म्हणालीसुद्धा, "ह्या बारीचं पीठ लई ग्वाड लागतंय." मी ऐकलं. नव्याला पाणी कमी, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. मुद्दाम का? आता खोटं बोलून काय मिळवायचंय. अर्धं विसरले आणि अर्धं मुद्दाम.

बायकांनी माझा शब्द पाळला. रोज पोच्यापर्यंत तांब्या भरून थेंब न थेंब पाणी त्या नव्या पिठात ओतलं. पीठ बोटांना चिकटत होतं, थापताना तुटत होतं, तरी एकीनंही हात आखडता घेतला नाही. अक्कांचा तांब्या चुकेल कसा? अक्कलकोटकडच्या एका लग्नघरची मोठी ऑर्डर होती. वरून भाकऱ्या छान दिसत होत्या. डबे बांधून भातवालीच पोचवायला गेली होती, कारण दारोदार बोलायला ती धीट.

दोन दिवसांनी लग्नघरच्यांनी तिला परत बोलावून घेतलं. भरल्या मांडवात नवरीच्या आत्यानं डब्यातली एक भाकरी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "मोड बघू." भातवालीनं दोन्ही हातांनी जोर लावला. भाकरी वाकली. मोडली नाही. पाहुणे बघत होते. मग तिनं सगळे डबे रिक्षात घातले आणि परत आणले.

हे मला फोनवर दुसरीनं रडत रडत सांगितलं. मी "अरेरे" म्हटलं. फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे. अकराव्या मजल्यावर माझ्यावाचून कुणाचंच काही अडत नव्हतं. तिकडं सोलापुरात तेरा चुली माझ्यावाचून अडल्या होत्या. त्या दिवशी मी नीट जेवले. आता रोज फोन येतील, विनवण्या होतील, असं धरून बसले.

फोन यायचे बंद झाले. आठ दिवस, पंधरा दिवस. मी फोन करायची नाही, असा हट्ट धरला होता. महिना गेल्यावर हट्टाची भीती झाली. धंदा मोडला, बायका पांगल्या, कुणी धुण्याभांड्याला लागल्या, कुणी विड्या वळायला बसल्या, अशी चित्रं डोळ्यांपुढे यायला लागली. प्लास्टर निघालं तरी मूठ वळत नव्हती. मुलगा राहा म्हणाला. मी म्हटलं, मला शेड बघायची आहे.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी कुणाला न कळवता गेले. गल्लीच्या तोंडाशीच भाकऱ्या थापल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत तो आवाज मी बाहेरून कधी ऐकला नव्हता, कारण तो सुरू व्हायचा तेव्हा मी आतच असायचे. मी जरा वेळ तिथंच उभी राहिले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मीच किती सुनांना सुनावलं होतं.

आत गेले तर सगळ्या उठल्या. "अक्का आल्या, अक्का आल्या." कुणी पाया पडली, कुणी हात हातात घेऊन बघितला. मग एकीनं खुर्ची आणली. आमच्या शेडमध्ये खुर्ची नव्हती, ती नवीन होती. "बसा की अक्का. हात जपा." मी बसले. त्या परत आपापल्या चुलीपाशी गेल्या.

माझ्या परातीपुढं एक साधीशी बाई बसली होती, जिनं वीस वर्षांत माझ्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. ती पिठात पाणी घालत होती. मी बघतच राहिले. तिचं झालं तशी दुसरी बसली. पाळीपाळीनं पाणी. भिंतीला बालवाडीतला जुना फळा लावला होता आणि त्यावर खडूनं लिहिलं होतं: नवी ज्वारी, एवढे पेले. जुनी ज्वारी, एवढे. दळण शिळं असेल तर असं. बोटाला चिकटलं तर थांबा. प्रत्येक ओळीपुढं जिनं ते शोधून काढलं तिचं नाव. भातवालीच्या घरी तीन आठवडे सगळ्या जमत होत्या म्हणे. एकेक पेला कमी-जास्त करून बघायच्या. बिघडलेल्या भाकऱ्या घरच्यांना खायला घालायच्या. घरची माणसं वैतागली होती.

आणि माझा तांब्या? वरच्या फळीवर, देवाच्या फोटोशेजारी, घासूनपुसून ठेवलेला. त्याला झेंडूचं फूल वाहिलं होतं. देवाशेजारी ठेवलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आता भात खाणाऱ्यांनी आमाला भाकरी शिकवायची व्हय?"

थापायचे आवाज थांबले. भातवाली हात धुऊन माझ्यापुढं येऊन बसली. आवाज चढवला नाही.

"अक्का, दोन वर्षं मी विचारत होते की. तुमी सांगितलं असतं, तर तितं फळ्यावर तुमचंच नाव असतं. सगळ्या ओळींवर."

मी उठले, फळीवरचा तांब्या काढला, फूल तिथंच ठेवलं आणि घरी आले. मागून कुणीतरी हाक मारली होती. मी वळले नाही.

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. सोलापूरचा उन्हाळा, दोन खोल्या, आणि पाचला उघडणारे डोळे. उठून करायचं काय? बायका येत होत्या, नाही असं नाही. डबा आणायच्या, हाताला तेल लावून द्यायच्या, पण कुणी काही विचारत नव्हती. काय जेवला, औषध घेतलं का, एवढंच. माणूस आजारी असला की त्याला असले प्रश्न विचारतात. जाणत्या माणसाला वेगळे प्रश्न विचारतात, आणि ते आता मला कुणी विचारत नव्हतं. एकटेपण म्हणजे घरात कुणी नसणं असं मी समजत होते. तसं तर नवरा गेल्यापासून मी एकटीच होते की. हे त्याहून वाईट होतं.

दुपारी पडल्या पडल्या सासूबाई आठवायच्या. शेवटचं वर्षभर त्या अंथरुणावर होत्या. मी परात घेऊन बसले की त्या हाक मारायच्या, "बा इल्ली." इकडं ये. हातानं काहीतरी खुणा करायच्या, पिठाच्या, पाण्याच्या. तोवर मला कन्नड येत होतं, ऐकलं असतं तर कळलं असतं. पण मला घाई असायची. मी म्हणायचे, "येतंय मला. सगळं येतंय." त्या भिंतीकडं तोंड करायच्या.

श्रावण लागला. हवा दमट झाली. एका दुपारी भातवाली आली. ह्या खेपेला तिच्याकडे डबा होता, पण त्यात जेवण नव्हतं. चार कडक भाकऱ्या होत्या. तिनं एक मोडली. आवाज आला नाही.

"चार दिवसांत अशा होतात बगा. नवं पीठ, जुनं पीठ, सगळं करून बगितलं. तुमच्या वेळी पावसाळ्यात कधी झाल्या न्हाईत अशा."

"फळ्याला विचार की," मी म्हटलं. जीभ काही सुधारत नाही.

ती हलली नाही. मांडी घालून बसून राहिली. मग मलाच वाटलं, की ही उठून गेली तर परत कोण येणार आहे? मी सांगायला तोंड उघडलं. "पावसाळ्यात कसं असतंय, पीठ जरा... म्हंजे हवा बगून... हाताला जरा..." पुढं काही येईना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडले. वीस वर्षं रोज केलेली गोष्ट, आणि मला चार वाक्यं जुळवता येईनात. आपण सांगत नाही, असा मला गर्व होता. मला सांगता येतच नाही, हे मला त्या दुपारी कळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

"मला सांगाय येत न्हाय गं," मी म्हटलं.

"मग करून दावा. मी बोलते."

मी घरातली परात काढली. शेडमधलं पीठ तिनं पिशवीतून आणलं होतंच. उजवा हात अजून निकामी, म्हणून पाणी तिनं ओतायचं आणि पिठात माझा डावा हात. मी सवयीनं करत गेले आणि ती माझ्या हाताकडं बघून मोठ्यानं बोलत गेली, तिच्या त्या तेलुगू वळणाच्या मराठीत.

"अक्का आदी कोरडी परात चुलीवर ठेवतात. परात गरम झाली. आता पीठ पसरलं. वरखाली करतात. पिठाचा ओला वास जाईपर्यंत वरखाली करतात. आता परात खाली घेतली. आता पाणी."

मी परात गरम करते, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे करत होते, दर पावसाळ्यात करत होते, पण मी असं करते हे कुणी मला कधी म्हटलं नव्हतं. स्वतःचं शहाणपण मी पहिल्यांदा दुसरीच्या तोंडून ऐकत होते.

तिनं पाणी ओतलं. माझ्या हातानं थांब म्हटल्यावर ती थांबली. मग मी हात पिठातून वर काढला, परातीच्या काठावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"आता अक्का थांबल्या," ती म्हणाली. थोड्या वेळानं माझ्याकडं बघितलं. "हितं का थांबलात?"

मी विचार केला. खरंच, का थांबले? प्रत्येक वेळी थांबते. साधारण एक जप होईल इतका वेळ.

"सासूबाई थांबायच्या," मी म्हटलं.

"त्या का थांबायच्या?"

अंथरुणावरून हाक मारणाऱ्या सासूबाई, पिठापाण्याच्या खुणा, आणि परात घेऊन घाईत असलेली मी. कुणाला विचारू आता?

"ठावं न्हाय," मी म्हटलं. "इचारलं न्हाय कधी."

पीठ मळून झालं, तिनं भाकरी थापली, भाजली, मी बोळ्यानं दाबली. चार दिवस डब्यात ठेवली. पाचव्या दिवशी ती आली आणि भाकरी मोडली. शेजारच्या घरातली बाई काय पडलं म्हणून विचारायला आली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तांब्या पिशवीत घालून शेडवर गेले. म्हटलं, प्यायच्या पाण्याला तरी होईल, देवाशेजारी नको. सगळ्या कामात होत्या. खुर्ची रिकामी होती, मी तिच्यावर बसले आणि फळा वाचू लागले. बारातेरा ओळी, बारातेरा नावं. सगळ्यात खाली नवी ओळ होती, भातवालीच्या वाकड्या अक्षरात.

पावसाळा. परात गरम करायची. पाणी घालून झाल्यावर जरा थांबायचं.

इतर ओळींत पुढं कारण लिहिलं होतं. चिकटतं म्हणून, चिरते म्हणून, कच्ची राहते म्हणून. इथं कारणाच्या जागी लिहिलं होतं: अक्का थांबतात म्हणून.